कागद नसलेल्यांचा हक्क




उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाची ओळख आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून होते ती बर्फ, रेनडिअर आणि मध्यरात्रीचा सूर्य एवढीच. तिथेही जमिनीचे तंटे असतात आणि माणसांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे त्यात येत नाही. या अंकात नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क या प्रांताविषयी लिहीत आहे. तिथल्या जमिनीच्या प्रश्नात शाळेचाही वाटा होता, म्हणून शाळा चालवणाऱ्यांनी तो समजून घ्यावा असे मला वाटते.

फिनमार्क आकाराने आपल्या केरळपेक्षा मोठा, पण लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख. सामी हे तिथले आदिवासी. रेनडिअरचे कळप, मासेमारी आणि शिकार यांवर त्यांच्या पिढ्या जगल्या. कोणत्या ऋतूत कोणते कुरण कोणाचे, हे वहिवाटीने ठरत असे. १७५१ साली तिथे दोन राज्यांची सीमा आखली गेली, तेव्हा कळप घेऊन सीमा ओलांडण्याचा सामींचा हक्क तहाच्या पुरवणीत लिहून मान्य केला गेला होता. पुढे मात्र राज्यकर्त्यांनी फिनमार्कची जमीन सरकारचीच असे धरले. १९०२ च्या कायद्याने तर तिथे सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन भाषा बोलता, वाचता आणि लिहिता येण्याची अट घातली. १८९८ च्या आदेशाने सामी भाषा वर्गात केवळ नाइलाज असेल तेवढीच वापरायची असे ठरले होते. म्हणजे शाळेने घरची भाषा बाहेर ठेवायची आणि कायद्याने त्या भाषेच्या माणसाला जमिनीबाहेर ठेवायचे, अशी ही जोडी होती.

परिस्थिती पालटली ती आल्टा नदीवरील धरणामुळे. १९७९ साली सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेसमोर उपोषण केले. धरण थांबले नाही, परंतु प्रश्न देशासमोर आला. १९८० साली सामी हक्क समिती नेमली गेली, १९८९ साली सामी संसद सुरू झाली, आणि १९९० साली आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार नॉर्वेने सर्वांत आधी मान्य केला. त्यातूनच २००५ चा फिनमार्क कायदा आला. फिनमार्कची सुमारे ९५ टक्के जमीन सरकारकडून काढून एका स्थानिक संस्थेकडे देण्यात आली. तिच्या मंडळावर सहा सदस्य असतात, तीन सामी संसदेचे आणि तीन प्रांतिक परिषदेचे.

हा कायदा मला मोलाचा वाटतो, कारण दूरच्या राजधानीतला निर्णय त्याने जमिनीवर राहणाऱ्यांच्या जवळ आणला. कोणी म्हणेल, मग सगळी जमीन सामींनाच का दिली नाही? फिनमार्कमध्ये नॉर्वेजियन आणि क्वेन लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. केवळ जन्म पाहून जमीन वाटली असती तर एका अन्यायाच्या जागी दुसरा आला असता. हा युक्तिवाद मला पटतो.

पण एक दोष उरतोच. कायद्याने मालकी आधी संस्थेच्या नावे केली आणि वहिवाटीने मिळालेला हक्क सिद्ध करण्याचे ओझे लोकांवर टाकले. काराशोक या सामीबहुल भागातील लोकांनी आपली सामूहिक मालकी मांडली. कायद्यानेच नेमलेल्या आयोगाचे बहुमत आणि २०२३ साली विशेष न्यायालय त्यांच्या बाजूने गेले, पण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकी संस्थेचीच ठरवली. याच न्यायालयाने २००१ साली स्वार्टस्कोगेनच्या खटल्यात, सरकारच्या नावावर असलेली जमीन मानदालेनच्या गावकऱ्यांची सामूहिक मालकीची मानली होती, तीही त्यांच्या दीर्घ वहिवाटीवरून. म्हणजे वहिवाट पुरावा ठरू शकते, पण प्रत्येक वेळी ठरेलच असे नाही.

जिंकूनही काम संपत नाही. फिनमार्कच्या बरेच दक्षिणेला फोसेन येथे सामींच्या कुरणांवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरवले, तरी चक्क्या फिरतच राहिल्या. तडजोडीचे करार व्हायला २०२३ चा डिसेंबर आणि २०२४ चा मार्च उजाडला.

आपल्याकडेही २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. तरीही असंख्य दावे फेटाळले गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत दावे फेटाळलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश झाला आणि त्याच महिन्यात तो स्थगित करावा लागला. झाबुआ, धार, अलीराजपूरचे भिल्ल आपल्यापासून फार दूर नाहीत.

आपण माळव्यातली मराठी माणसे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि दुसरी भाषा शिकल्याने माझे काही गेले नाही. मराठी बोलतो म्हणून आपल्याला इथे कोणी जमीन नाकारली नाही, तेव्हा सामींचे दुःख ते आपलेच, असे म्हणणे खोटे ठरेल. उलट आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकर-शिंद्यांच्या काळात दप्तर सांभाळायला आले. खसऱ्यात नोंद नाही म्हणजे हक्क नाही, ही समजूत आपल्या घरांत मुरलेली आहे. ती आता तपासून पाहिली पाहिजे.

ओढ्याला, टेकडीला, कुरणाला त्या त्या लोकांनी दिलेली नावे हा त्यांच्या वहिवाटीचा पुरावा असतो. मुलाने शाळेत जाऊन ती नावे विसरली, तर उद्या साक्ष कोण देणार? म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की घरी भिली किंवा निमाडी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीबद्दल वर्गात हसू देऊ नये, त्याच्या आजोबांकडून गावाची माहिती लिहून आणायला सांगावी. विश्वस्त मंडळींनी ही वही ग्रंथालयात ठेवण्याची सोय करावी. नॉर्वेच्या संसदेने २०२४ च्या नोव्हेंबरात सामी, क्वेन आणि फॉरेस्ट फिन लोकांची जाहीर माफी मागितली. तोपर्यंत कित्येक घरांतून ती भाषा गेलेली होती.