लग्नाची यादी लिहायला बसण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे पालघर-बोईसरला लग्नसराईची धांदल सुरू होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा पोरगा खाडा सोसून बस्त्याला जातो, बहिणीच्या हळदीला मांडवाचे बांबू स्वतः ओढतो. हे सगळं हवंच. माझं बोलणं फक्त सोन्याबद्दल आहे, आणि त्यातही कर्जाच्या सोन्याबद्दल. ज्याची ऐपत आहे त्यानं खुशाल पाटल्या कराव्यात. पण ऐपत नसताना चारचौघांत मान राहावा म्हणून व्याजाचे पैसे काढून अंगावर सोनं चढवू नका, आणि दुसऱ्याला चढवायला लावू नका.

असला उपदेश कुणीही, कुठंही करतो. या जिल्ह्यात तो करायला मात्र वेगळं कारण आहे.

डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात 1945 पर्यंत लग्नगडी होते. वारली पोराला लग्न करायचं तर पैसा जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून घ्यायचा. रक्कम डोंगराएवढी नसायची, पण ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या वाडीत राबायचं. मजुरी नावापुरती. वही त्याची, आकडे त्याचे, आणि घेणाऱ्याला अक्षरओळख नाही. मग कर्ज फिटणार कधी? बाप राबता राबता गेला की मुलगा त्याच्या जागी उभा राहायचा. एका लग्नाच्या खर्चापायी अख्खं घर दुसऱ्याच्या मालकीचं व्हायचं.

ते मोडायला माणसं मेली आहेत. 23 मे 1945 ला झरी गावात किसान सभेची सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण पडले. गोदावरीबाईंनी पुढे हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं. बोईसर-पालघरच्या प्रत्येक घरात ते असायला हवं असं मला वाटतं. भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा स्वस्त पडेल.

आता गडी कुणी म्हणत नाही. हप्ता म्हणतात. समजा, कुणी लग्नासाठी शेकडा दोननं तीन लाख घेतले. महिन्याला सहा हजार नुसतं व्याज, वर्षाचे बहात्तर हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथं. ठेक्यावरच्या पगारातून सहा हजार गेल्यावर खोलीचं भाडं, गॅस आणि पोराची फी यांत काय उरतं ते ज्याचं त्यानं मोजावं. मग वर्षा-दोन वर्षांत तेच गंठण तारण ठेवायला निघतं, नाहीतर मोडायला. दुकानात घेताना घडणावळ भरलेली असते, वर तीन टक्के जीएसटी. मोडताना त्यातलं काही हातात येत नाही, उलट घट धरली जाते.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. कारखान्यात एखाद्या दिवशी साहेब सांगतो, टाकीत उतर, साफ कर. मास्क नाही, दोर धरायला वर माणूस नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही तो म्हणू शकतो, “साहेब, मी नाही उतरणार.” हप्तेवाला गप उतरतो. आत्मा कुठं असतो हे मला कीर्तनकारांइतकं सांगता येणार नाही. पण माणसाला योग्य वेळी ‘नाही’ म्हणता येतं ते ज्याच्या जोरावर, ते गहाण टाकायची वस्तू नाही एवढं मला कळतं.

आणि ज्या दागिन्यासाठी हे करायचं, तो तयार कसा होतो हे पाहायला लांब जायला नको. तारापूरला लागूनच चिंचणी. तिथं आणि आसपासच्या गावांत घरोघर डायमेकिंगचा धंदा चालत आला. कारागीर दिव्याखाली मान घालून बसतो, पोलादाच्या लहानशा ठोकळ्यात वेल, पान, मोराची मान उलटी कोरतो. एक केस इकडचा तिकडे झाला की ठोकळा वाया. त्या साच्यावर धातूचा पातळ पत्रा दाबला की नक्षी उठते. पत्रा सोन्याचा असो की पितळेचा, मोर तोच उठतो. कौतुक करायचं तर त्या हाताचं करा. लग्नात मात्र त्याची आठवण कुणाला नसते, विचारतात ते “किती तोळे?”

कुणी म्हणेल, मग काय नवरीला ओकंबोकं उभं करायचं? अजिबात नाही. नटण्याची हौस माणसाला असतेच, आणि ती असावी. वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक काढतात. आत पालघट देवी, भोवती नक्षीच्या किनारी. त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. खर्च मूठभर तांदळाचा, वर बायकांची गाणी आणि वेळ. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांच्या हातची ही कला उचलली, भिंतीवरून कागदावर आणली, ती परदेशांत गेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढा मोठा शृंगार ज्यांच्या भिंतीवर होता, त्यांनी अंगावरच्या चार तोळ्यांवरून कुणाची पत ठरवावी, हे मला पटत नाही.

याच समाजात आणखी एक रीत आहे. पैसे नसतील तर जोडपं आधी संसार थाटतं, लग्न पुढे जमेल तेव्हा लावतं. कधी पोरंबाळं झाल्यावरही. सामुदायिक विवाहात अशी जोडपी उभी राहतात. शहरी लोकांना त्याचं हसू येतं. मला त्यात शहाणपण दिसतं.

अंगावर सोनं नसलं म्हणून माणसाचं मोठेपण अडत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडकांसोबत आदिवासी मुलांसाठी आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ बालविधवा होत्या. त्या काळी विधवेच्या अंगावरचं जे जे काढून घेत, ते पुन्हा मिळवण्यात त्यांनी दिवस घालवले नाहीत. शिंपले, बिया, पानं घेऊन मुलांना शिकवत बसल्या. तुकोबांबद्दलही सांगतात, की घराण्याच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि भावाचा वाटा भावाला दिला. त्यांच्या अभंगांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, या कागदांबद्दल कमी.

तेव्हा या हंगामात एवढं करा. सोनं घ्यायचंच तर साठवलेल्या पैशातून घ्या, मग ते दोन वाट्यांचं एक मंगळसूत्र का होईना. एक ग्रॅमचे दागिने घालायला लाजू नका. शेजारणीचं गंठण चार तासांसाठी मागून घालावं लागत असेल तर त्यापेक्षा गजरा बरा. पोरीला सोन्याऐवजी तिच्या नावाची ठेव द्या, किंवा आयटीआयची, नर्सिंगची फी भरा. गावकी, मंडळ, समाजाच्या बैठका असतात. तिथं हा विषय काढा, आणि तो तरण्या पोरांनी काढा.

शेवटचं मुलाकडच्यांसाठी. यादी लिहायला बसल्यावर मुलीचा बाप कधीच म्हणणार नाही, की आम्हाला झेपत नाही. त्याची जीभ रेटणार नाही. म्हणून वही उघडण्याआधी, चहा येण्याच्याही आधी, तुम्हीच म्हणा: “दादा, सोन्याचा रकाना लिहूच नका.”