छंदिष्ट यंत्रवाले

‘छंद’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक वर्गात शिकवायचा: अक्षरांची, मात्रांची बांधणी, ओवी-अभंगांचे कूळ. दुसरा घरात बोलणी खायचा. ‘याला मेला हा कसला छंद लागलाय!’ हे वाक्य ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात ‘याला पडसे झालेय’ असेही म्हणता येते. पहिल्या अर्थावर मी गेली पंधरा-वीस वर्षे पोट भरीत आलो आहे. आज दुसऱ्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणतो. आणि तेही अशा मंडळींच्या छंदाविषयी, की ज्यांना छंद असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे कॉम्प्युटरवाले.

पेणजवळची आमची रामवाडी म्हटली की जिल्ह्यातल्या माणसाला एस.टी. आठवते. ‘आमचा एस.टी.त आहे’ असे इथला बाप सांगे. आताचा बाप ‘आमचा आय.टी.त आहे’ असे सांगतो. फरक एवढाच, की एस.टी.तला मुलगा काय करतो ते बापाला सांगता येत असे. आय.टी.तल्याचा फक्त पगार सांगता येतो. घरून काम असले की खोलीचे दार बंद. आई ताट घेऊन दाराशी जाते, आतले इंग्रजी ऐकते आणि ताट झाकून ठेवते.

अशाच एका शेजाऱ्याचा छंद मला अलीकडे कळला. वय अडतीस, नोकरी नवी मुंबईत. ‘सर, लिहा खुशाल, पण नाव नको’ असे त्याने बजावले आहे. हा गृहस्थ दर शनिवारी दुपारी मोटारसायकल काढून हमरापूरच्या बाजूला एका गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसतो. पेणचे गणपती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण साच्यातून निघालेल्या मातीचा गणपती होतो तो डोळ्यांच्या आखणीने, हे बाजारातून मूर्ती आणणाऱ्याला जाणवत नाही. बुबुळ, पापणी, भुवई. कुंचला बारीक आणि रेघ एका दमात ओढायची. हात थांबला की रेघ जाड होते आणि देव रागावलेला दिसू लागतो. आमच्या इंजिनिअरला पहिली दोन वर्षे नुसती पीतांबरे रंगवायला दिली. आता कुठे वीतभर मूर्तींच्या डोळ्यांपर्यंत त्याला बढती मिळाली आहे. मोबदला म्हणाल तर चहा आणि वडापाव. ऑफिसातली बढती त्याने मला कधी सांगितली नाही. ही मात्र फाटकातच गाठून सांगितली.

२०२५ च्या जुलैअखेर या घरातली हवा पालटली. २७ जुलैला बातमी आली, की टी.सी.एस. आपली सुमारे दोन टक्के माणसे, म्हणजे बारा हजारांवर, कमी करणार. आणि तीही बहुतेक मधल्या आणि वरच्या जागांवरची. कंपनीचे म्हणणे असे, की कारण ए.आय. नव्हे, कामाचा आणि कौशल्याचा मेळ बसत नाही. पण ज्यांच्या घरात मधल्या जागेवरचा माणूस आहे, ते असल्या खुलाशाने शांत झोपत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले तेव्हा या घरी त्याच्याकडून कविता करवून घेऊन सगळे हसले होते. आता तेच यंत्र प्रोग्रॅमही लिहू लागले. शेजारी दुसऱ्या कंपनीत, पण धास्तीला कंपनीची पाटी लागत नाही. त्याच्या पत्नी मला म्हणाल्या, “सर, तुम्ही तरी समजवा ह्यांना. दिवस हे असे, आणि हे शनिवारी रंगात हात घालून बसतात. त्या वेळात एखादा नवा कोर्स नको का करायला?”

प्रश्न रास्त होता. घराचे हप्ते त्या बाईंनाही मोजता येतात.

मास्तर माणूस उत्तराआधी उदाहरणे शोधतो. यंत्रवाल्यांच्या छंदांची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत. हेलसिंकीच्या विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी १९९१ साली केवळ हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहू लागला. तीच लिनक्स. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटात तिचा गाभा आहे. आपल्याकडचे र. कृ. जोशी घ्या. जाहिरातीच्या धंद्यातून आय.आय.टी.त शिकवायला गेले, पुढे सरकारी संगणक-संस्थेत. आणि जन्मभर वेड अक्षराचे. कविताही करीत. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ हा टाइप त्यांच्या हातचा. सरकारी परिपत्रकापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत तो आपण हजारदा वाचला असेल, पण तो कुणी घडवला असेल हा विचार मनाला शिवला नसेल. जोशी २००८ साली गेले.

आणि अच्युत गोडबोले तर या बाबतीत वेगळेच प्रकरण. सोलापूरचा मुलगा, आय.आय.टी.त केमिकल इंजिनिअर, मध्ये शहाद्याच्या आदिवासींच्या चळवळीत, आणि मग सॉफ्टवेअरच्या धंद्यात पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत अगदी वरच्या खुर्चीपर्यंत. त्या खुर्चीतला माणूस ‘नादवेध’मध्ये रागांवर लिहितो, ‘किमयागार’मध्ये शास्त्रज्ञांवर, ‘अर्थात’मध्ये अर्थशास्त्रावर, ‘मनात’मध्ये मानसशास्त्रावर. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ही पुस्तके जितकी हाताळून मळलेली आहेत, तितकी आम्ही नेमलेली पाठ्यपुस्तके नाहीत. (हे वाक्य आमच्या विभागप्रमुखांनी वाचले नाही तर बरे.)

ही यादी बाईंपुढे ठेवून ‘पाहा, छंदाने माणूस कुठल्या कुठे जातो’ असे म्हणता आले असते. म्हटले नाही. कारण तसे म्हटले की छंदाचाही एक कोर्स होतो. गणपतीच्या डोळ्यांतून आमच्या शेजाऱ्याला कोणतीही कंपनी काढता येणार नाही, आणि त्याला ती काढायचीही नाही.

मला पटले ते उदाहरण दुसरेच. टी.सी.एस.ची बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ जुलैला, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. वय एकोणीस. आता बघा, बुद्धिबळात यंत्राने माणसाला हरवले ते १९९७ साली, डीप ब्लूने कास्पारोव्हला. म्हणजे दिव्याच्या जन्माआधी आठ वर्षे. आज खिशातला फोनसुद्धा जगज्जेत्याला हरवील. म्हणून नागपूरच्या पोरीने पट गुंडाळून ठेवला का? उलट त्याच यंत्रावर सराव करून ती खेळली. मोटार माणसापेक्षा वेगाने जाते म्हणून धावण्याच्या शर्यती काही बंद पडल्या नाहीत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘गो’ या खेळातला कोरियाचा ली सेडॉल २०१६ साली अल्फागोकडून पाच डावांत चार हरला, आणि २०१९ मध्ये त्याने व्यावसायिक खेळ सोडला. ज्याला अव्वल असण्यातच गोडी होती, त्याची गोडी यंत्राने नेली, हे खोटे म्हणवत नाही. पण वडापाववर डोळे आखणाऱ्याला अव्वल व्हायचेच नसते. त्याचे यंत्र काय नेणार?

बाईंना मी इतकेच सांगितले, की कोर्स सोमवार ते शुक्रवार करायला लावा, शनिवार त्याचा त्याला ठेवू द्या. त्यांना ते पटले असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. कोर्स मात्र सुरू झाला आहे, आणि शनिवारची मोटारसायकलही बंद नाही.

या सगळ्या छंदिष्टांचे मूळपुरुष शोभावेत असे एक मास्तर आपल्याकडे होऊन गेले: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत नोकरी. कॉम्प्युटर नाही, प्रयोगशाळा नाही. पेन्सिल, कागद आणि आकड्यांचे वेड. पेन्शन अपुरी पडली तेव्हा शिकवण्या केल्या. विद्वानांनी बराच काळ त्यांना हसण्यावारी नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला नाव कळले. त्यांचा एक खेळ दिवाळीच्या फराळानंतर मुलांना घेऊन खेळण्याजोगा आहे. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. आणि जे उरेल त्याचे पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता ६१७४ चे तेच करून पाहा: पुन्हा ६१७४. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच येऊन थांबते. कॉम्प्युटर चार आकडी सगळ्या संख्या पापणी लवायच्या आत तपासून देईल. तरीही घरातल्या प्रत्येकाने आपापले जन्मसाल घ्यावे आणि फोन बाजूला ठेवून हाताने वजाबाकी करावी. तीन आकडे उरले तर पुढे शून्य मांडायला विसरू नका, नाहीतर गाडी चुकेल.