चित्र छतावरून, आवाज वर्गातून

आपल्या वर्गांत छताला प्रोजेक्टर आणि फळ्याच्या दोन बाजूंना स्पीकर बसले, ही चांगली गोष्ट झाली. मी इतिहास शिकवतो. पूर्वी गुंडाळी केलेला नकाशा खिळ्याला टांगायचा, तो दोनदा खाली पडायचा आणि शेवटच्या बाकावरच्या कॅडेटला त्यातली नदी कोणती आणि सीमारेषा कोणती हे कधी कळायचे नाही. आता एक कळ दाबली की अख्खा बुंदेलखंड भिंतीवर येतो. त्यामुळे हा लेख यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा आक्षेप एका सवयीवर आहे. कळ दाबायची, चित्रफीत लावायची, स्पीकरमधून निवेदकाचा भारदस्त आवाज सुरू करायचा आणि चाळीस मिनिटे वर्गाने गप्प बसायचे, ही ती सवय. देशभरातल्या ज्या शाळांत ही सोय आली, तिथे ही सवयही मागोमाग येते. शिक्षकाला थोडी विश्रांती मिळते, वर्ग शांत राहतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे आधुनिक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की चित्र खुशाल छतावरून येऊ द्यावे, पण आवाज वर्गातल्या माणसांचा असावा. आधी कॅडेटचा, मग शिक्षकाचा आणि गरज पडली तरच यंत्राचा.

आपल्यासाठी याचे महत्त्व इतर शाळांपेक्षा जास्त आहे. इथल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर एनडीए आणि त्याआधीची एसएसबी असते. पालकांसाठी थोडे खुलाशाने सांगतो. एसएसबीच्या पहिल्या दिवशी पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. मग पडदा कोरा होतो. उमेदवाराने चित्रातली माणसे, त्यांचे वय, त्यांची मनःस्थिती टिपायची, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि नंतर गटासमोर उभे राहून ती स्वतःच्या शब्दांत सांगायची. पुढच्या मानसशास्त्रीय चाचणीत अशी आणखी चित्रे येतात आणि बारावी वेळ तर संपूर्ण कोऱ्या पडद्याची असते. त्या पडद्यावरचे चित्र मूक असते. काय चालले आहे हे कोणताही निवेदक सांगत नाही. सैन्याला अधिकारी निवडायचा असतो तेव्हा पडद्याचा उपयोग असा होतो: थोडे दाखवायचे, पडदा बंद करायचा आणि समोरच्याला बोलायला लावायचे.

आता विचार करा. ज्या मुलाने सहावीपासून बारावीपर्यंत पडद्यासमोर फक्त ऐकून घेतले, त्याला भोपाळला किंवा प्रयागराजला गेल्यावर त्याच पडद्यासमोर अचानक बोलायचे आहे. क्लास लावून दोन महिन्यांत ही सवय लागत नाही. ती रोजच्या तासातच लागते.

आपल्या मराठी परंपरेतही याचे एक जुने उदाहरण आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाने मॅजिक लँटर्नचे जाहीर खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि पट्ट्या झरझर बदलून ती हलल्याचा भास निर्माण करायचा, असा तो खेळ होता. मुंबईत ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला तो १८९६ साली, म्हणजे त्यानंतर. या खेळात चित्र यंत्राचे होते, पण निवेदन, संवाद आणि गाणी समोर उभ्या असलेल्या माणसांची होती. निवेदक समोरच असला की प्रेक्षक पाहून त्याला थांबता येते, एखादी गोष्ट पुन्हा सांगता येते, कळले नाही असे दिसले तर वेगळ्या शब्दांत मांडता येते. वर्गातला शिक्षक हेच करतो. ध्वनिमुद्रित निवेदकाला समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी दिसत नाही.

याचे एक उदाहरण आपल्याच गावातले देतो. झाशीत राहून १८५८ चा वेढा शिकवायचा म्हटले तर साधने हाताशी आहेत. किल्ल्यावर संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम होतो. तो पर्यटकांसाठी आहे आणि त्याच्या जागी उत्तम आहे. तोफांचे आवाज, घोड्यांच्या टापा, अंगावर काटा आणणारे संगीत. पण वर्गात तसेच काही लावले की मुले भारावून जातात आणि तास संपल्यावर प्रश्न मात्र एकही येत नाही.

म्हणून मी हा धडा असा घेतो. प्रोजेक्टरवर झाशी आणि आसपासच्या मुलखाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा दोन मिनिटे ठेवतो. त्यावर नाव एकही नाही आणि आवाजही नाही. मग पडदा बंद. प्रत्येकाने वहीत आठवणीने आकृती काढायची: टेकडीवरचा किल्ला, शहराचा तट, पूर्वेकडची बेतवा नदी. पुढचा प्रश्न असतो, तुम्ही ह्यू रोज असता तर तोफा कुठे मांडल्या असत्या? तुम्ही राणीच्या बाजूने असता तर मदत कुठून येईल असे धरले असते? उत्तर द्यायला कॅडेटने फळ्यापाशी यायचे, काठी हातात घ्यायची आणि वर्गाला समजावून सांगायचे. दोन-तीन जण बोलून झाले, वाद झाला, की मग नकाशा पुन्हा लावायचा आणि प्रत्यक्षात काय घडले ते सांगायचे: मार्चच्या अखेरीस पडलेला वेढा, १ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोप्यांच्या फौजेचा झालेला पराभव, ३ एप्रिलचा शहरावरचा हल्ला आणि त्यानंतर रात्री काल्पीच्या दिशेने निघालेली राणी.

यानंतर यंत्र पूर्ण बंद करून एका कॅडेटला विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधला झाशीचा भाग मोठ्याने वाचायला सांगतो. गोडसे हे वरसईचे भिक्षुक. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि नेमके वेढ्याच्या वेळी झाशीत अडकले. त्यांचे हे लिखाण १९०७ साली छापले गेले. शहर पडल्यानंतरची लूट, कत्तल आणि आगी त्यांनी आतून पाहिल्या होत्या. हिंदी भाषक मुलांसाठी मराठी कॅडेट वाक्यावाक्याला अर्थ सांगतो. त्या वेळी वर्गात जी शांतता असते, ती स्पीकरच्या आवाजाखालच्या शांततेपेक्षा वेगळी असते. तिच्यातून प्रश्न येतात. किल्ल्यावरच्या ‘जंपिंग स्पॉट’बद्दल एका मुलाने विचारले, “सर, एवढ्या उंचीवरून घोडा उतरेल का?” या प्रश्नात राणीचा अनादर नाही. पाठीशी मूल बांधून, शत्रूच्या गराड्यातून मोजक्या स्वारांनिशी रात्री बाहेर पडणे हे शौर्य उडीवर अवलंबून नाही. पण पुरावा मागण्याची ही सवय अधिकाऱ्याला हवीच. चित्रफितीत उडी इतकी सहज दिसते की हा प्रश्न मनात यायला जागाच उरत नाही.

याचा अर्थ स्पीकर काढून टाकावेत असा मुळीच नाही. काही ठिकाणी ध्वनिमुद्रणाला पर्याय नाही. इंग्रजी उच्चार, बिगुलाच्या वेगवेगळ्या धुना ऐकून ओळखणे, एखाद्या नेत्याचे मूळ भाषण त्याच्याच आवाजात ऐकणे, संगीताचा तास, हे सगळे कानानेच शिकायचे विषय आहेत. ज्या विषयाचा शिक्षक शाळेत नाही, त्याचे चांगले व्याख्यान लावणे हाही योग्य उपयोग आहे.

शिवाय ध्वनियंत्रणेचा सर्वांत मोलाचा उपयोग चित्रपटाशी संबंधित नाहीच. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलर आणि पंखे पूर्ण वेगात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. कूलर चालू असलेल्या खोलीत ही मर्यादा पाळली जाणे अशक्य आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, हे अकरावीच्या मुलांना गणिताने काढता येईल. वर्गात भिंतींमुळे घट थोडी कमी होते, पण उंच छत आणि उघड्या भिंती असल्या की घुमणे वाढते आणि शब्द एकमेकांत मिसळतात. अशा वेळी माइक हवाच, फक्त तो शिक्षकाच्या हातात अडकून पडू नये. शेवटच्या बाकावरून हळू आवाजात उत्तर देणाऱ्या मुलाकडे तो गेला पाहिजे. घरापासून दूर आलेले, भाषेमुळे बिचकणारे मूल स्वतःचा आवाज स्पीकरमधून स्पष्ट ऐकते, तेव्हा त्याची पाठ ताठ होते. हे मी अनेकदा पाहिले आहे.

अंधाराबद्दलही बोलायला हवे. कॅडेट पहाटे उठतात, पीटी करतात, दुपारी जेवून वर्गात येतात. त्यानंतर पडदे ओढून, दिवे मालवून चित्रफीत लावली तर कोणाची मान केव्हा कलंडते हे सांगायला नको. दोष मुलांचा नाही. म्हणून फक्त पडद्याजवळचे दिवे बंद करावेत, वह्यांवर उजेड राहू द्यावा आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडदा सलग चालू ठेवू नये.

आणखी काही नियम मी सुचवतो. दाखवण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहावा, म्हणजे मुले काय शोधायचे ते ठरवून पाहतील. फीत पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवावी आणि एका कॅडेटने निवेदन करावे. नंतर मूळ आवाजासह दाखवून दोन्हींची तुलना करावी. पडद्यावरची अक्षरे शेवटच्या बाकावर बसून शिक्षकाने स्वतः वाचून पाहावीत. चित्राच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा दूर कोणी बसू नये, असा एक ढोबळ नियम आहे. वीज गेली तर तास थांबू नये, कारण झाशीत वीज जाते आणि रणांगणावर ती नसतेच. खडूने तोच धडा पुढे नेता आला पाहिजे.

देखभाल मात्र कॅडेट्सकडे द्यावी, जशी आपापल्या किटची असते. इथल्या धुळीने प्रोजेक्टरची जाळी लवकर बंद होते आणि यंत्र तापते. जाळी साफ करायची वेळ झाली की वर्गप्रमुखाने नोंद करून तंत्रज्ञाला कळवावे. बाकावर चढून स्वतः हात घालू नये. बंद करताना रिमोटने करावे, आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. चालू प्रोजेक्टरच्या भिंगात डोकावू नये.

पालकांना एक विनंती आहे. किती वर्गांत प्रोजेक्टर आहे हे जरूर विचारा, पण सुट्टीत मुलगा किंवा मुलगी घरी आली की आणखी एक गोष्ट करा. वर्गात पडद्यावर पाहिलेले एखादे चित्र आठवायला सांगा आणि त्याबद्दल तीन मिनिटे बोलायला लावा, मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. मधे टोकू नका. तीन मिनिटे बोलता आले तर यंत्र नीट वापरले जात आहे असे समजा. नाही आले, तर आम्हा शिक्षकांना तसे कळवा. त्याचा उपयोग आम्हाला पुढचा तास आखताना होईल.