गोष्टीवर पाटी हवीच! फॅनफिक्शनची लेबले काय सांगतात?

मांजरसुंब्याच्या चौकात पाटी न वाचता गाडी दामटली, तर केज-अंबाजोगाईऐवजी सोलापूरचा रस्ता लागतो. मोबाइलवर गोष्ट वाचतानाही असेच होते. कर्ण-दुर्योधनाची मैत्री वाचायला बसावे आणि तिसऱ्या भागात भलतेच निघावे! दोष गोष्टीचा नसतो, पाटी नसल्याचा असतो.

आवडत्या कादंबरीतील, मालिकेतील किंवा सिनेमातील पात्रे घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी कथा म्हणजे फॅनफिक्शन. मूळ कलाकृतीत जे घडले ते 'कॅनन'. पात्रे तीच, पण जग निराळे, म्हणजे कर्ण आज बीडच्या कॉलेजात शिकतोय, तर ती 'एयू' अर्थात अल्टरनेट युनिव्हर्स. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध. ही रेघ १९७०च्या दशकातील 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी रुळवली. २००९मध्ये सुरू झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर तर लेखकाला हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, लैंगिक अत्याचार अशा गोष्टींचा इशारा द्यावा लागतो. द्यायचा नसेल, तर 'इशारा देणार नाही' हे तरी लिहावे लागते. हा प्रामाणिकपणा घेण्यासारखा आहे.

हे खूळ परदेशी, असे म्हणायचेही कारण नाही. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. त्यातले एक 'निरोष्ठ रामायण', म्हणजे ओठ जुळवून उच्चारायची अक्षरे टाळून रचलेले. कथा सर्वांना पाठ होती, या वेळी वेगळे काय ते नावातच सांगितले.

खरी अडचण पुढे आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७मध्ये कादंबरी म्हणूनच आली. तरी तिच्यातले प्रसंग व्यासांच्या महाभारतातलेच समजून सांगणारे कितीतरी भेटतात. छापील पुस्तकाचे हे, तर फॉरवर्डचे काय? ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी घातलेला कल्पित संवाद दोन ग्रुप फिरला की 'इतिहास' होतो आणि त्यावरून भांडणेही लागतात.

कारण साधे आहे. ॲपवरचे लेबल वेगळ्या चौकटीत असते, मजकूर कॉपी करताना ते मागेच राहते. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्यांनी 'ही काल्पनिक कथा आहे, मूळ कथेत असे घडत नाही' हे वाक्य चौकटीत न ठेवता गोष्टीच्या पहिल्याच ओळीत लिहावे. शेवटी नको, शेवटची ओळ 'रीड मोअर'च्या खाली जाते.