काडेपेटीवाल्या मुलीची गोष्ट वर्गात वाचावी का?



शनिवारच्या गोष्टीच्या तासाला घर नसलेल्या मुलांच्या गोष्टी वाचाव्यात, असे माझे मत आहे. काही पालक म्हणतात, "पोरांना रडक्या गोष्टी कशाला? शूरवीरांच्या सांगा." शूरवीरांच्या पाहिजेतच, त्या कुणाला नको आहेत! पण ह्याही पाहिजेत.

आपल्याकडे एखादं पोर घर सोडून गेलं की पारावर काय बोलतात? उनाड होतं, सिनेमाच्या नादानं मुंबईला पळालं. का गेलं, हे कुणी विचारत नाही. पेपरात दोन ओळी येतात. नाव, वय, अंगावर निळा शर्ट. गोष्ट मात्र त्या पोराच्या मागोमाग चालत जाते.

डेन्मार्क देशातल्या हॅन्स अँडरसनने १८४५ साली काड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली. अगदी छोटी आहे, एका तासात वाचून बोलायलाही वेळ उरतो. वर्षाची शेवटची रात्र, बर्फ पडतंय, मुलगी अनवाणी. तिला घर आहे बरं का! पण एकही काडी खपली नाही, बाप मारील, म्हणून ती घरी जात नाही. आणि घरात तरी काय, तिथंही तेवढीच थंडी. भिंतीच्या कोपऱ्यात बसून ती एकेक काडी ओढते. सकाळी लोकांना ती गारठून मेलेली दिसते. घर असून मूल बेघर होतं ते असं. नागरिकशास्त्राच्या धड्यात हे कुठं आहे?

अँडरसनने आत्मचरित्रात स्वतःच्या आईबद्दल लिहिले आहे. तिला लहानपणी घरच्यांनी भीक मागायला पाठवलं, तिला काही मागवेना, तेव्हा ती दिवसभर पुलाखाली रडत बसली. म्हणजे गोष्ट हवेतली नाही.

दुसरी गोष्ट चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट'. १८३७ ते १८३९ मध्ये ती मासिकातून क्रमशः येत होती. हा डिकन्स १२ वर्षांचा असताना, १८२४ साली, वडील कर्जापायी तुरुंगात गेले. आई नि धाकटी भावंडंही तिथंच राहायला गेली. हा एकटा परक्याच्या घरी राहून बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवायचा. त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. त्याचा अनाथ ऑलिव्हर मार खाऊन पळतो, लंडनच्या वाटेला लागतो. सातव्या दिवशी पाय सुजलेले, पोटात काही नाही. तेव्हा त्याला भाकरतुकडा कोण देतं? एक खिसेकापू पोरगा! मग निजायला जागा देतो तो चोरांचा म्होरक्या. चांगली माणसं त्याला नंतर भेटतात. दादर-कल्याणच्या फलाटावर उतरलेल्या पोराला पहिल्यांदा कोण भेटत असेल, याचा विचार हे वाचूनच मनात येतो. "पळून जाल तर तंगडी मोडीन" या धमकीने तो येत नाही.

पण ऑलिव्हरचा शेवट मला पटत नाही. तो म्हणे चांगल्या घराण्यातला निघतो, बापाची इस्टेट मिळते. आणि बाकीच्या पोरांचं काय? ज्यांचं कुठलंच घराणं निघत नाही त्यांनी फलाटावरच राहायचं का? म्हणून गुरुजींनी शेवटाच्या आधी थांबावं नि आम्हाला विचारावं, तुम्ही असता तर काय केलं असतं?

नाहीतर काय होतं, सगळे "बिच्चारी!" म्हणतात आणि घंटा झाली की लगोरी खेळायला पळतात. त्यापेक्षा प्रश्न काढावेत. ही मुलगी आपल्या गावात असती तर कुणाच्या दारात गेली असती? आपल्या घरी तिला ओट्यावर बसवलं असतं की आत घेतलं असतं? आम्हाला खरं उत्तर द्यायला जड जाईल, मोठ्यांनाही जाईल.

आणि एक. १९९६ साली मुंबईत अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन सुरू झाला. पैसे पडत नाहीत. गोष्ट संपल्यावर हा आकडा फळ्यावर लिहावा नि आठवडाभर पुसू नये.

पालकांनीही एखाद्या शनिवारी येऊन बसावं. मागच्या सतरंजीवर जागा असते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी