कळंक चढलेली पुंगळी

गेल्या चैत्रांत घराची झाडलोट चालली असतां माझ्या टेबलाच्या खणांतून धाकट्या नातीच्या हातीं एक पितळी नळकांडें लागलें. लांबी सुमारें तीन इंच, एका अंगानें हिरवट काळें. "आजोबा, ह्याला मान आहे, खांदा आहे आणि कमरपट्टासुद्धां आहे! हें काय?" असें तिनें विचारलें. ती रायफलीच्या काडतुसाची झाडलेली पुंगळी होती. मुलीच्या प्रश्नांत मोठ्या शिकारी काडतुसांचें बहुतेक शास्त्र आलें आहे, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतों.

पुंगळीचें काम केवळ दारू सांभाळण्याचें नव्हे. सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त यांचें हें पितळ बार उडतांच फुगून कोठ्याच्या भिंतीस चिकटतें, त्यामुळें जळता वायु शिकाऱ्याच्या तोंडावर येत नाहीं. दाब ओसरतांच तें किंचित् आखडतें, म्हणून पुंगळी बाहेर ओढतां येते. मात्र ती कोठ्यांत नेमकी ठरलेल्या खोलीवर थांबली पाहिजे. ती कशाच्या आधारें थांबवावी, या प्रश्नाचीं कारागिरांनीं तीन उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर काठाचें. बुडाशीं बाहेर आलेला काठ कोठ्याच्या तोंडावर अडकतो. लंडनच्या जॉन रिग्बी यांनीं १८९८ सालीं काढलेलें .४५० नायट्रो एक्सप्रेस हें या जातीचें. नांवांतील आंकडा इंचाच्या हिशेबानें नळीचें माप सांगतो. याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे आपल्या सोनाराच्या हिशेबानें पावणेतीन तोळ्यांस थोडी कमी. मोडून भरण्याच्या जोडनळी बंदुकीस काठ फार सोयीचा. परंतु एकाखालीं एक काडतुसें रचणाऱ्या रायफलींत काठांत काठ अडकून घोटाळा होतो.

ज्या १९०७ सालीं नेरळहून माथेरानास आगगाडी येऊं लागली, त्याच सालीं हिंदुस्थानांत .४५० मापाच्या खासगी काडतुसांवर सरकारनें बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचें माप तेंच असल्यानें ही सामग्री बंडखोरांच्या हातीं पडेल, अशी धास्ती होती. साहेबाला वाघाचें भय नव्हतें, प्रजेचें होतें! मग बंदूकवाल्यांनीं माप थोडें बदलून .४६५, .४७० अशीं भावंडें बाजारांत आणलीं.

दुसरें उत्तर खांद्याचें. रिग्बींच्याच .४१६ या १९११ च्या काडतुसास बाहेर आलेला काठ नाहीं. रुंद पोटावरील उभट खांदा कोठ्यांत टेकतो. त्या काळची कॉर्डाईट नांवाची दारू शेवयांसारखी लांब काड्यांची असे, आणि उन्हानें तापली कीं तिचा दाब वाढे. .४१६ ची पुंगळी ऐसपैस ठेवल्यानें दाब मुळांतच कमी राही. उष्ण देशांत हा मोठा गुण.

तिसरें उत्तर नातीच्या हातांतलें. हॉलंड अँड हॉलंड यांचें .३७५ मॅग्नम १९१२ चें. तीनशें ग्रेनांची गोळी, पुंगळी निमुळती, खांदा अगदीं उतरता. निमुळतेपणामुळें ती सहज आंत जाते व सहज सुटते; पण असा खांदा नेमका टेकत नाहीं. म्हणून बुडाशीं ही मेखला दिली. ती शोभेची अथवा बळकटीची नसून काठाचेंच काम करते.

यांत श्रेष्ठ कोणतें, यावर शिकारी अजून वाद घालतात. माझ्यापुरता तो वाद १९६८ सालींच संपला.

मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. वडील माथेरानास शिक्षक. शेजारच्या बंगल्यांत उतरलेले एक पाहुणे खालच्या रानांत बिबट्याच्या मागावर गेले. वाट दाखविण्यास आमच्या ओळखीचा एक ठाकूर गडी होता. पहिली गोळी बिबट्याच्या मागल्या पायास लागली. दुसरी भरावी तर पुंगळी निघेना. आंकड्यानें तिची कड ओरबाडली, पण ती कोठ्यांत घट्ट. जखमी जनावर गड्यावर आलें. तो वांचला, पण उजवा हात कायमचा गेला.

मागाहून कारण कळलें. काडतुसें मागच्या पावसाळाभर चामड्याच्या पट्ट्यांत तशींच राहिलीं होतीं. चामडें कमावण्याच्या द्रव्यानें व माथेरानच्या दमट हवेनें पितळेवर कळंक चढला होता. गुळगुळीत निसटण्यासाठींच जिला निमुळती केली, ती पुंगळी खरखरीत होऊन अडकली. कारागिरानें सगळा विचार केला होता. फडकें फिरविण्याचें काम तेवढें मालकाकडे होतें. पाहुणे दुसऱ्या दिवशीं शंभर रुपये ठेवून मुंबईस गेले. नांगर धरणाऱ्या हाताची ती किंमत!

वडिलांनीं ती पुंगळी मागून घेतली. आजी देवाचीं उपकरणीं चिंचेनें घासूं लागली म्हणजे म्हणे, "आण तेंही, लख्ख करून देतें." वडील म्हणत, "आई, त्याला हात लावूं नकोस." आमच्या घरांत न घासलेलें पितळ तेवढें एकच. तो गडी डाव्या हातानें बांधलेल्या करवंदांच्या पाट्या घेऊन पुढें कित्येक वर्षें दारीं येई, आणि वडील त्याला ओसरीवर आपल्याजवळ बसवीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस सरले, हें बरेंच झालें. परंतु दुसऱ्याच्या जिवाशीं गांठ असलेलीं साधनें आजही घरोघर आहेत: मोटारीचा ब्रेक, गॅसची नळी, विजेची तार. करणाऱ्याची करामत विकत मिळते. निगा मात्र आपणच राखावी लागते.

नातीनें सारें ऐकलें, पुंगळी पुन्हां कागदांत गुंडाळली आणि विचारलें, "त्या काकांच्या घरचें आतां कोणी आहे का?" आहे. येत्या रविवारीं आम्ही दोघें त्यांच्या वाडीस जाणार आहों.