तळपायावरील तीळ

परवां रात्रीं माझ्या पायांस तेल चोळतां चोळतां नात एकाएकीं थांबली. "आजोबा, तुमच्या टाचेवर तीळ आहे. पूर्वीं नव्हता." तिच्या आजीनें तत्काळ निर्णय दिला, "प्रवासाचा योग आहे." वयाच्या ६५ व्या वर्षीं पुलगांव सोडून मी आणखी कोठें जाणार! नातीचा पुढचा प्रश्न मात्र विचार करावयास लावणारा होता : तळपायास ऊन लागत नाहीं, मग तेथें तीळ कसा उमटतो?

त्वचेस काळेपणा देणाऱ्या रंजकपेशींत, इतर पेशींप्रमाणेंच, 'ब्राफ' नांवाचें एक जनुक असतें. पेशीनें वाढावें कीं थांबावें, हा निरोप पोंचविण्यांत त्याचा हात असतो. त्याच्या लेखनांत एक अक्षर बदललें कीं निरोप फिरतो. 'सकल' म्हणजे सर्व आणि 'शकल' म्हणजे तुकडा, तसेंच हें. बदललेली पेशी कांहीं काळ वाढते, मग बहुधा आपोआप थांबते. तोच आपला तीळ. अंगावरील इतर तिळांप्रमाणें तळहात-तळपायांच्या बहुतेक तिळांतही हाच अक्षरदोष सांपडतो. अर्थात् त्यास ऊन लागलेंच पाहिजे असें नाहीं.

तळव्यावर होणाऱ्या मेलानोमा नांवाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. त्यांत ब्राफचा दोष थोड्याच रोग्यांत आढळतो. कोणांत 'किट' जनुक बिघडलेलें, तर कोणांत जनुकांच्या प्रती भलत्याच वाढलेल्या. यावरून हा रोग पुष्कळदां जुन्या तिळांतून न उपजतां स्वतंत्रपणें उद्भवतो, असा तर्क निघतो. म्हणून बालपणापासूनच्या तिळापेक्षां उतारवयांत नवा उमटलेला, पसरत जाणारा डाग अधिक पाहावा. आपल्या देशांत हा रोग विरळा. पण झाला तर तळपाय हें त्याचें नेहमींचें स्थान, आणि आपण त्यास कुरूप समजून ब्लेडनें तासत बसतों! जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या अंगठ्याच्या नखाखालीं तो १९७७ सालीं सांपडला. १९८१ सालीं, ३६ व्या वर्षीं, तो गेला.

जपानचे डॉक्टर तोशिआकी साइदा यांनीं दाखविलेली खूण आम्हां कापसाच्या मुलखांतील माणसांस सहज कळेल. तळव्याच्या कातडीवर बारीक सरी-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरींतून धांवतो, कर्करोगाचा वरंब्यांवरून. त्वचारोगतज्ज्ञ खास भिंगानें हें पाहतात.

नातीनें आपलें शाळेचें भिंग आणून माझी टाच तपासली. "सरींतूनच आहे," म्हणाली. पण स्वर तितकासा खात्रीचा नव्हता. सोमवारीं सेवाग्रामच्या कस्तूरबा रुग्णालयांत जावयाचें ठरलें आहे. आजीचा प्रवासयोग तेवढा खरा ठरला.